कॉम्प्युटर उठला का?

सातारच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात, सीएच्या ऑफिसात किंवा पतसंस्थेत सकाळी पहिला माणूस येतो तो आधी सीपीयूचं बटण दाबतो आणि मग चप्पल काढतो. हा क्रम चुकवून चालत नाही. बटण दाबलं की केर काढायचा, गणपतीच्या फोटोला उदबत्ती ओवाळायची, तीच जाता जाता कॉम्प्युटरभोवतीही फिरवायची, आणि समोरच्या टपरीवाल्याला बोटं दाखवून चहा सांगायचा. एवढं होईस्तोवर पडद्यावर विंडोजचं चिन्ह येतं. ते आलं म्हणजे कॉम्प्युटर चालू झाला असं समजणारा माणूस नवशिका. चिन्हानंतर 'वेलकम' येतं, वेलकमनंतर नुसताच निळा पडदा येतो, मग एकेक आयकॉन सवडीनं उगवतो, आणि सगळे हजर झाल्यावरही माऊसच्या बाणापाशी ते गोल चक्र फिरतच राहतं. ते थांबेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, हे जुने लोक नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात. घाई करून दोनदा क्लिक केलं की हँग होतो. हँग झाला की पुन्हा बटण, आणि केर तर काढून झालेला असतो.

बटण आणि काम यांच्या मधल्या या काळाची नोंद कुठल्या हजेरीपत्रकात नसते. पण आमच्याकडचं निम्मं सार्वजनिक जीवन त्यातच उरकत आलेलं आहे. उसाला यंदा किती दर फुटणार, कारखान्याला कुणाचं पॅनेल, कुणाची पोरगी कराडला दिली आणि कुणाची परत आली, पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये कोण कुठून शिरला आणि भलतीकडेच कुठे बाहेर पडला, हे सगळं त्या चक्राच्या साक्षीनं बोललं जातं. शिवाय या वेळेचा पगार मिळतो. साहेब आले आणि 'काय चाललंय?' म्हणाले, तर पडद्याकडे नुसती हनुवटी उडवायची. साहेबही 'बरं बरं' म्हणतात, कारण त्यांच्या केबिनमधलाही अजून उठलेला नसतो.

हार्डडिस्कच्या जागी बसणारी एसएसडी नावाची वस्तू या काळाच्या मुळावर उठली आहे. तिच्यावर माझा राग नाही. उलट जुना कॉम्प्युटर भंगारात घालायच्या आधी त्यात एसएसडी टाकून बघावी, असं मी भेटेल त्याला सांगतो. पण तिच्यामुळे काय काय बंद पडलं याचा हिशेब कुणी मांडत नाही.

मुळात आमच्या लोकांना कॉम्प्युटर आला तोच वाट बघायची सवय लावत. २००१ साली एमकेसीएल ही कॉम्प्युटर शिकवणारी संस्था निघाली, पाठोपाठ तिची एमएस-सीआयटी परीक्षा आली, आणि सरकारी नोकरांना ती बंधनकारक झाली. वार्षिक वेतनवाढच अडकते म्हटल्यावर चाळिशी उलटलेले अव्वल कारकून गल्लीतल्या क्लासात स्वतःच्या पोरांच्या वयाच्या मास्तरांसमोर वही घेऊन बसले. माऊस टेबलाच्या कडेला जाऊन पोचला की पुढे काय करायचं, असा प्रश्न तिथे गंभीरपणे विचारला जाई. त्या क्लासात लोक वर्ड शिकले, एक्सेल शिकायचं राहिलं, पण एक गोष्ट सगळ्यांच्या अंगी पक्की मुरली. यंत्र विचार करत असताना माणसानं गप्प बसावं.

पण ते विचार कसला करतं? खरं तर विचार बिचार काही नसतो, नुसती शोधाशोध असते. आतली हार्डडिस्क म्हणजे गरगर फिरणारी तबकडी आणि तिच्यावर पुढे-मागे सरकणारा एक बारीक हात. ही कल्पना १९५६ सालची. आयबीएमनं त्या वर्षी रॅमॅक नावाचं यंत्र काढलं. त्याच्या डिस्कमध्ये चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि त्यात मावायची ५० लाख अक्षरं. आज मोबाइलवर येणारे 'शुभ सकाळ'चे मूठभर फोटो त्यात बसले असते आणि डिस्क भरली असती. पुढे ती तळहातावर मावू लागली, पण रीत तीच राहिली. साध्या डेस्कटॉपमधली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती नोंद हाताखाली फिरून येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, सुमारे चार मिलिसेकंद, वाट बघावी लागते. त्याआधी हात जागेवर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे एका सेकंदात फार तर ऐंशी वेळा ती काही शोधून देऊ शकते. ऐंशी ऐकायला भरपूर वाटतं. पण विंडोज उठताना तिच्याकडे हजारो बारीक तुकडे मागते, तेही डिस्कभर विखुरलेले. मागोमाग अँटिव्हायरस उठतो. मग प्रिंटरचं सॉफ्टवेअर, मग कुणीतरी कधीतरी 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबताना आत आलेले चार भाडेकरू. प्रत्येकाला आपलं आधी हवं असतं.

सांगलीकराला हे समजवायला हरिपूरची पेवं पुरतात. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात हळद जमिनीखाली साठवायची जुनी रीत आहे. वीस-पंचवीस फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि पोटात ऐसपैस असा खड्डा, त्याला आतून पाल्याचं अस्तर, वरून तोंड लिंपून बंद. वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नाही. साठवणुकीत पेवाचा हात धरणारं दुसरं काही नाही. पण पेव उघडायचं म्हणजे आधी माती काढा, तोंड उघडं टाकून काही तास थांबा, कारण आत प्राणवायू नसतो. मग कंदील सोडा. कंदील विझला तर अजून थांबा, तेवत राहिला तर माणूस उतरवा. अख्खं पेव रिकामं करायचं असेल तर ही मेहनत वसूल होते. पण घरातून कुणी आमटीला चिमूटभर हळद मागितली आणि त्यासाठी पेव उघडलं, पुन्हा लिंपलं, तेवढ्यात भाजीला मागितली म्हणून पुन्हा उघडलं, तर त्या दिवशी जेवण होणार नाही. हार्डडिस्कचं नेमकं हेच आहे. एखादा भला थोरला सिनेमा सलग मागा, सेकंदाला शंभर-दीडशे एमबीच्या वेगानं बिनतक्रार देते. चिमटी चिमटीनं मागितलं की तिचा जीव जातो, आणि सकाळी विंडोज चिमटीनंच मागते.

एसएसडीत तबकडी नाही, हात नाही, काही फिरतच नाही. विद्युतभार अडकवून ठेवणाऱ्या अतिसूक्ष्म कप्प्यांची चिप असते, कुठलाही कप्पा मागा, मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात उत्तर हजर. हा फ्लॅश मेमरीचा शोध तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांचा, १९८० च्या दशकातला. आज एसएसडीत जी असते ती नँड जातीची मेमरी १९८७ साली त्यांनीच पुढे आणली. पण ती आपल्यापर्यंत यायला वेळ लागला. २००८ मध्ये इंटेलची ८० जीबीची एसएसडी निघाली तिची किंमत होती ५९५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दरानं पंचवीस हजारांच्या वर. तेवढ्यात सातारला अख्खा कॉम्प्युटर आला असता, टेबल, खुर्ची आणि वरून घालायच्या प्लॅस्टिकच्या कव्हरासकट. पुढे दर असे कोसळले की २४० जीबीची एसएसडी दीड-दोन हजारांत मिळू लागली, आणि मग ती तालुक्याच्या गावापर्यंत झिरपली.

तिचं पहिलं काम मी पाहिलं ते सातारच्याच एका केंद्रावर, नोव्हेंबरात. नोव्हेंबर हा आमच्या जिल्ह्यात हयातीच्या दाखल्यांचा महिना. घराघरातून फौजेत माणसं धाडणारा जिल्हा हा, अपशिंग्यासारख्या गावाच्या तर नावालाच 'मिलिटरी' चिकटलंय. तेव्हा पेन्शनर मंडळींची रांग लागते. २०१४ पासून हा दाखला अंगठा लावून कॉम्प्युटरवर मिळतो. एक सुभेदारसाहेब, वय ऐंशीच्या पुढे, पण कणा ताठ, काउंटरवर काठी आपटत होते.

"उठला का रे तुझा कॉम्प्युटर?"

"उठतोय, साहेब."

"आमच्या पलटणीत बिगूल झाल्यावर कुणी एवढा वेळ लावला असता तर मैदानाला चकरा मारून मेला असता."

काउंटरवरचं पोरगं हसलं. चक्र फिरत होतं. साहेबांनी रांगेकडे वळून बघितलं आणि म्हणाले, "हा उठेपर्यंत मी हयात राहिलो तर दाखला दे. नाहीतर मागच्याला घे."

पुढच्या नोव्हेंबरात त्या कॉम्प्युटरला एसएसडी बसलेली होती. बटण दाबलं आणि पोरानं खुर्ची पुढे ओढेपर्यंत पडदा तयार. साहेब खूष झाले. मग अंगठा लावला. तो लागला नाही, कारण निवृत्तीनंतर शेतात खपून रेषाच झिजल्या होत्या. दुसरं बोट लावलं, तिसरं लावलं, चौथं लागलं, तेवढ्यात साइट बंद पडली. 'सर्व्हर डाऊन.' पूर्वी साहेबांना निदान समोर बसलेल्या पोराला बोलता यायचं. आता दोष दिल्लीला गेला, आणि तिथपर्यंत काठी पोचत नव्हती.

पण एसएसडीचा खरा इतिहास घडला तो सांगलीत, आमच्या दाजींच्या छापखान्यात.

दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, गावभागात लग्नपत्रिका छापतात. पत्रिका, वास्तुशांत, दहाव्याची कार्डं, आणि हंगाम आला की निवडणुकीची पत्रकं. त्यांचा कॉम्प्युटर पंधरा वर्षांचा. त्यात पेजमेकर ७, म्हणजे २००१ सालचं सॉफ्टवेअर. काढणाऱ्या कंपनीनं ते कधीच सोडून दिलं, पण आमच्याकडच्या छापखान्यांनी सोडलेलं नाही. कारण त्यातले मराठी फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या जमान्यातले. त्या फॉन्टांच्या पोटात खरं तर इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फक्त मराठी रूप दिसतं. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की गजाननाच्या कृपेपासून जेवणाच्या वेळेपर्यंत सगळीकडे नुसती रोमन अक्षरं वेडीवाकडी सांडलेली दिसतात. शिवाय फॉन्टच्या सॉफ्टवेअरला डोंगल नावाचं कुलूप, ते मागच्या बाजूला खोचलेलं असेल तरच मराठी उमटतं. असा सगळा संसार एका सी ड्राइव्हवर थाटलेला. तेव्हा "दाजी, नवीन विंडोज टाकून घ्या" असं त्यांना म्हणणं हा घरातला अपशब्द होता.

या कॉम्प्युटरवर त्यांचा जीव किती, ते २०१९ च्या ऑगस्टात दिसलं. सांगलीत पावसाळ्यात लोक घड्याळ बघत नाहीत, आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं ते विचारतात. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. त्या वर्षी ते सत्तावन्नच्या पुढे गेलं. चाळीसचा आकडा कानावर आला तसे दाजी उठले आणि सीपीयू डोक्यावर घेऊन माडी चढले. ताईनं खालून विचारलं, "आणि धान्याचे डबे?" "आणतो की गं, दोन हातच हायत मला." डबे दुसऱ्या खेपेला आले. आबा, दाजींचे वडील, स्वतःहून चढले म्हणून त्यांच्यासाठी खेप करावी लागली नाही.

शेजारच्या हिशेबनिसांचा कॉम्प्युटर मात्र खालीच राहिला. हार्डडिस्क हवाबंद असते असा बऱ्याच जणांचा समज आहे. तशी ती नसते, बहुतेक डिस्कांवर आतला-बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक भोक असतं आणि शेजारी 'हे झाकू नका' असं लिहिलेलं असतं. कृष्णामाईला इंग्रजी वाचायची गरज पडली नाही. पाणी उतरून ऊन पडलं तेव्हा गल्लीत गाद्या, वह्या, देवांच्या तसबिरी आणि हार्डडिस्का एका ओळीत वाळत घातल्या होत्या. गाद्या तेवढ्या वाळल्या.

असा हा पुरातून वाचलेला कॉम्प्युटर हळूहळू इतका मंदावला की दाजी त्याला उठवायला पहाटे सहाला छापखान्यात जाऊ लागले. बटण दाबून घरी यायचे, आंघोळ, पूजा, नाश्ता करून पुन्हा जायचे. शेवटी ताईनंच फोन केला. "तुझ्या दाजींना सांग काहीतरी. माझ्याआधी ते त्याला उठवतात."

मी सांगलीला गेलो. दाजींचं म्हणणं ठरलेलं होतं. "चाललंय की पाव्हणं. कशापायी हात लावायचा?" मग सगळं जसंच्या तसं, फॉन्टसकट नव्या डिस्कवर उतरवता येतं, याला क्लोन करणं म्हणतात, हे त्यांना पटवलं. विश्रामबागेतल्या एका दुकानात रिपेरिंगचं काम करणारं ओळखीतलं पोरगं बोलावलं. त्यानं खिशातून एसएसडी काढून टेबलावर ठेवली.

आबांनी ती उचलली. आबांचा सगळा जन्म मार्केट यार्डात हळदीच्या तोलाईत गेला. काटा नसला तरी त्यांचा हात काट्याला जुमानत नाही. त्यांनी ती दोनदा तळहातावर झुलवली.

"पन्नास ग्राम. केवढ्याला म्हणालास?"

"दोन हजार, आबा."

"म्हंजे किलोला चाळीस हजार." ते दाजींकडे वळले. "हळद जल्मात कधी ह्या भावानं गेली न्हाई."

आणि मग त्यांनी जुनी हार्डडिस्क दुसऱ्या हातात घेतली. ती चांगली अर्धा किलो भरली. जुनी जड, नवी हलकी, आणि नवीला पैसे जास्त, हा व्यवहार आबांना शेवटपर्यंत पटला नाही. त्यात पोरानं ती कॉम्प्युटरला जोडली आणि पडद्यावर २४० च्या जागी २२३ जीबी आले. कंपनी हजाराच्या पटीनं मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीनं, म्हणून आकडा कमी दिसतो, प्रत्यक्षात काही कमी नसतं, असं पोरानं समजावलं. आबा म्हणाले, "सतरा कमी, म्हंजे शेकड्याला सात तूट. आम्हीपन धरायचो तूट. पण पावतीवर लिवायचो."

क्लोन करण्याआधी सी ड्राइव्ह साफ करावा म्हणून पोरानं डेस्कटॉप उघडला. तो डेस्कटॉप म्हणजे सांगलीच्या पंधरा वर्षांच्या सोयरिकींचं दफ्तर होतं. 'पत्रिका फायनल', 'पत्रिका फायनल २', 'फायनल मामांचे नाव घालून', 'फायनल मामांचे नाव काढून', 'फायनल मामांचे नाव घालून मोठ्या अक्षरात'. मोडलेल्या लग्नांच्या पत्रिका होत्या. एका उमेदवाराची लागोपाठच्या तीन निवडणुकांची पत्रकं होती, फोटो तोच, हात जोडलेले तसेच, पक्ष तेवढे तीन. "ह्यातलं काय उडवू?" पोरानं विचारलं. दाजी घाबरले. "काय उडवू नको. मोडलेली जुळत्यात कधी कधी. आन् त्यो उमेदवार परत येनार हाय."

तेव्हा सगळं तसंच उतरवायचं ठरलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. 'तीन तास राहिले' असं ती म्हणाली, मग 'चौदा मिनिटं', मग पुन्हा 'तीन तास'. ताईनं भडंग आणि चहा आणून ठेवला. मध्यरात्र उलटून गेल्यावर पट्टी भरली.

सकाळी बसवणी. एसएसडी अडीच इंची, कॅबिनेटमधली जागा साडेतीन इंचीची. मधे बसवायची पट्टी कुणीच विकत घेत नाही, सगळीकडे डबल टेप लावतात, तशी इथेही लावली. दाजी वाकून म्हणाले, "लटकतंय की रं." "लटकू द्या काका, आत फिरनारं कायच न्हाई." जुनी डिस्कही जोडलेलीच ठेवली, कारण डी ड्राइव्हवरचे फोटो तिच्यातच होते.

आणि मग मुहूर्त. आबा खुर्ची घेऊन बसले. ऑफसेटवरचा मशीनमन मशीन थांबवून आला. शेजारचे हिशेबनीस आले, ताई पदराला हात पुसत आली. दाजींनी नारळ फोडला, कॅबिनेटला हळदकुंकू लावलं. खंडेनवमीला दर वर्षी लावतातच, त्याचे थर अजून होते. बटण दाबलं.

विंडोजचं चिन्ह आलं. सगळ्यांनी श्वास रोखला. 'वेलकम' आलं. निळा पडदा आला. आयकॉन येऊ लागले.

"लय फास्ट!" दाजी म्हणाले.

"कुठं ते आधीचं, कुठं हे," हिशेबनीस म्हणाले. "माझ्यातपन टाकायची बाबा आता."

"पडदापन जरा चकाकतोय," मशीनमन म्हणाला. ताईनं "चहाला आधण ठेवायलाही वेळ नाही मिळाला," असं सांगितलं. मी घड्याळ लावलेलं नव्हतं, पण सगळ्यांच्या बोलण्यात इतका उत्साह होता की मलाही फरक जाणवला. नुसते आबा गप्प होते. पोरगंही गप्प होतं. ते पडद्याकडे बघत कान खाजवत होतं. त्यानं कॉम्प्युटर पुन्हा बंद केला, चालू करताना डिलीट बटण टकटक दाबलं आणि बायोस नावाच्या निळ्या पानात शिरलं.

"काका," ते हळूच म्हणालं, "ही अजून जुन्यावरनंच चालू झालीय. नवीला हातच लागला न्हाई अजून."

त्याचं काय झालं होतं, दोन डिस्का जोडल्या की आधी कुणाकडून उठायचं याचा क्रम बायोसमध्ये लिहिलेला असतो, आणि पंधरा वर्षांच्या सवयीनं तो जुनीकडेच गेला होता. खोलीत कुणी कुणाकडे बघेना. शेवटी मशीनमननं विचारलं, "म्हंजे ती फास्ट झाली ती नारळानं?"

पोरानं क्रम बदलला आणि तिसऱ्यांदा बटण दाबलं. चिन्ह आलं, गेलं, आयकॉन एकदम सगळे हजर. वीस सेकंदही लागले नसतील. खरोखर थक्क व्हावं अशी गोष्ट होती, पण कुणीच काही बोललं नाही, कारण कौतुक सगळं आधीच खर्च झालं होतं. हिशेबनीस 'येतो' म्हणून निघून गेले. आबा तेवढे म्हणाले, "काटा बघितल्याबिगर वजन बोलू नये."

मशीनमनला पुढे बरेच दिवस करमत नव्हतं. जुनी डिस्क चालू असल्याचं घरघरून सांगायची, ही बोलतच नाही. तो अधूनमधून कॅबिनेटला कान लावून बघे. त्याची शंका अगदीच खुळी नव्हती. हार्डडिस्क बरेचदा मरायच्या आधी दिवसेंदिवस कुरकुरते, टकटक करते, फाइल द्यायला कुरबुर करते, आणि तेवढ्यात शहाणा माणूस डेटा बाहेर काढून घेतो. एसएसडी पुष्कळदा बिनआजारी जाते. रात्री धडधाकट बंद केलेली, सकाळी बायोसला दिसतच नाही. म्हणून पोरानं दाजींना महिन्याला एक कॉपी वेगळ्या डिस्कवर काढायला शिकवलं. दाजी ती काढतात आणि ताईच्या दागिन्यांच्या कप्प्यात ठेवतात. त्या कप्प्याच्या दोन किल्ल्या झाल्यापासून ताईचं मत एसएसडीविषयी पालटलं आहे.

छापखान्याच्या धंद्यात मात्र जो घोळ झाला तो कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. पत्रिकेत दुरुस्ती करायला गिऱ्हाईक येतं ते एकटं येत नाही. मुलाकडचे दोन काका, मुलीकडचे एक मामा आणि सल्ला द्यायला एक गुरुजी असे येतात. पूर्वी दाजी त्यांना बाकावर बसवायचे, 'उघडतंय' म्हणायचे आणि फाइल उघडेपर्यंत पाव तास जायचा. त्या पाव तासात चहा व्हायचा, दोन्हीकडचे बोलायचे, कुणाचं गाव कुणाच्या आजोळाशेजारी निघायचं. फाइल पडद्यावर येईपर्यंत निमंत्रकांत आधी नाव कुणाचं, ते आपोआप ठरलेलं असायचं. आता ती येताक्षणी उघडते. काका अजून चप्पल काढताहेत तोवर मामांचं नाव तिसऱ्या ओळीत असल्याचं मामांना लख्ख दिसतं. मग जे सुरू होतं ते एसएसडीलाही आवरत नाही. एकदा तर गुरुजींनीच दाजींना बाजूला घेऊन सुचवलं, "जरा सावकाश उघडत चला."

शिवाय दुसरी पंचाईत. आमच्याकडे छापखान्यानं दिलेली तारीख म्हणजे सुरुवात, शेवट नव्हे, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं. पण मधल्या दिवसांना तोंडी लावायला काहीतरी लागतं. दाजींचा वर्षानुवर्षांचा आधार म्हणजे, "कॉम्प्युटर उघडंना झालाय हो." त्यावर कुणी वाद घालायचा नाही, कारण प्रत्येकाच्या घरी, बँकेत, तलाठ्याकडे तेच चाललेलं. आता तर गल्लीत सगळ्यांना ठाऊक की दाजींनी एसएसडी टाकली. दाजींनीच सांगत सुटून ठाऊक केलेलं. नवरा मुलगा स्वतः पुण्यात आयटीत. तो फोनवर म्हणतो, "काका, एसएसडी आहे ना? मग वीस सेकंदांत होईल की."

दाजींच्या काही दिवस प्लेट बिघडल्या. काही दिवस कागद मिरजेहून यायचा होता. लाइट गेल्याचं सांगून बघितलं, तर गिऱ्हाईक समोरच्याच घरातलं निघालं. मग त्यांनी त्या पोराला पुन्हा बोलावलं. मला वाटलं डिस्कला काही झालं. मी नंतर गेलो तेव्हा पडदा गडद निळा होता आणि मधोमध लिहिलं होतं, 'अपडेट चालू आहे, ३२ टक्के. कॉम्प्युटर बंद करू नका.' दाजी शेजारी बसून निवांत पान लावत होते. ते पोरानं काढून दिलेलं नुसतं चित्र आहे, एक बटण दाबलं की सगळा पडदा झाकतं आणि दुसरं दाबलं की मागे पेजमेकर तयार असतं, हे मला ताईनं आत नेऊन सांगितलं.

तेवढ्यात पत्रिकेवाले काका आले. पडद्याकडे बघून ते दारातच थबकले.

"दाजी, सकाळीपन बत्तीसच टक्के हुतं की हो."

दाजींनी पानाला चुना लावला, सुपारी टाकली, घडी घातली.

"ते सकाळचं अपडेट. ह्ये दुपारचं."